स्कॅनच्या सीडीवर स्टिकर नको, नाव थेट छापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

एमआरआय, सीटी किंवा पेट-सीटी झाल्यावर रुग्णाच्या हातात जी सीडी पडते, तिच्यावर त्याचे नाव, तारीख आणि तपासणी थेट छापलेली असावी. वर कागदी स्टिकर नको आणि पेनाने खरडलेले नाव नको. मुंबईतल्या स्कॅन सेंटरांना आणि सरकारी-पालिका रुग्णालयांत अशा तपासण्यांची कामे ठरवणाऱ्यांना एवढी एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. कुणाला ही मागणी किरकोळ वाटेल. परळला माझ्या काउंटरवर सकाळी नऊ ते अकरा या वेळेत उभे राहिले, तर तशी वाटणार नाही.

केईएम आणि टाटा यांच्या मधल्या टापूत माझे झेरॉक्स-डीटीपीचे दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक रुग्णांचे नातेवाईक. केसपेपर, आधार आणि पिवळे रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स काढायच्या, मुख्यमंत्री सहायता निधीचा नाहीतर सिद्धिविनायक न्यासाचा अर्ज भरून द्यायचा, आणि सीडीची कॉपी करायची. "ताई, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचीय, एक कॉपी द्या," हे वाक्य दिवसभर ऐकू येते. नव्या लॅपटॉपला सीडीची जागाच नसते, म्हणून यूएसबीवर चालणारे ड्राइव्ह मी काउंटरवर कायम जोडून ठेवते. जळगाव, नांदेड, सिंधुदुर्ग, कुठकुठल्या सेंटरच्या सीडी माझ्या हाताखालून जातात. त्या कशा अवस्थेत येतात ते मला पाठ झाले आहे.

काहींवर सेंटरचा रंगीत लोगो आधीच छापलेला असतो. सुंदर, चकचकीत. खाली 'पेशंटचे नाव' म्हणून एक रेघ सोडलेली, आणि त्या चकचकीत शाईवर बॉलपेन उमटत नाही. मग काउंटरवरची मुलगी जोर लावून गिरवते. काहींवर मार्करने फक्त आडनाव आणि एक आद्याक्षर. पाटील एस. परळमध्ये एका सकाळी किती पाटील एस. असतील? काहींवर गोल कागदी स्टिकर, कडेला फुगलेले, एका बाजूने सुटलेले. आणि काहींवर काहीच नाही. नाव असते ते वरच्या कागदी पाकिटावर, आणि पाकीट गाडीत, धर्मशाळेत, नाहीतर ओपीडीच्या बाकावर राहिलेले असते.

सीडीच्या आत डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या प्रतिमा ज्या ठरलेल्या स्वरूपात साठवतात तिच्यात, रुग्णाचे नाव असतेच, हे मला माहीत आहे. पण ते वाचायला ती ड्राइव्हमध्ये घालून व्ह्यूअर उघडावा लागतो. कॅन्सरच्या रुग्णाकडे एक सीडी नसते. निदानाच्या वेळची, केमोच्या मधली, ऑपरेशनच्या आधीची, रेडिएशननंतरची अशा चार-पाच असतात. डॉक्टरांना जुनी आणि नवी शेजारी ठेवून गाठ वाढली की आटली ते पाहायचे असते. ओपीडीत मिळणारा थोडका वेळ कोणती सीडी कुठल्या महिन्याची हे शोधण्यात जातो, आणि म्हातारी आई मुलाच्या तोंडाकडे पाहत बसते.

त्यातून पावसाळा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली माणसे टाटाला निघतात, तेव्हा हिंदमाताचे पाणी त्यांच्या वाटेतच असते. जुलैत एका दमदार सरीनंतर तिथे काय होते ते मुंबईकराला सांगायला नको. फाइलची पिशवी डोक्यावर घेतली तरी ओल आत जातेच. कागदी स्टिकर ती ओल पितो, फुगतो, आणि चकतीला एका बाजूने ओढून किंचित वाकवतो. अशी चकती ड्राइव्हमध्ये गेली की ५२ एक्सच्या वेगाला मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. स्टिकर जरा एका बाजूला लागलेला असला तरी ती थरथरते, वाचली जात नाही, आणि सुटलेले टोक आत अडकले तर ड्राइव्हही जातो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने सीडी-डीव्हीडी हाताळण्याची पुस्तिका २००३ मध्येच काढली. दीर्घकाळ जपायच्या चकतीवर चिकट लेबल लावू नका, असे त्यात सांगितलेले आहे. तरीही आपल्याकडे स्टिकरचा रोल संपत नाही.

सीडीच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच सुशिक्षित माणसांनाही ठाऊक नसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळे जण खालची चकाकती बाजू जपतात. वरची, म्हणजे नावाची बाजू टेबलावर घासली तरी चालते असे समजतात. साध्या सीडीत प्रत्यक्षात उलटे आहे. १.२ मिलिमीटर जाडीचे पॉलिकार्बोनेट हे जवळजवळ सगळे लेझरच्या बाजूला असते. माहिती धरणारा डायचा, म्हणजे रंगद्रव्याचा थर आणि त्यावरचा चांदीसारखा परावर्तक थर हे दोन्ही अगदी वर, नावाच्या बाजूला असतात, आणि त्यांच्यावर फक्त लॅकरचा पातळ पापुद्रा. खालच्या बाजूला बारीक ओरखडा आला तर बऱ्याचदा तो पॉलिश होतो. वरून बॉलपेन दाबले तर थेट माहितीवरच दाबले जाते. काही मार्करच्या शाईतले सॉल्व्हंट त्या पापुद्र्यातून झिरपते. डीव्हीडीची रचना वेगळी. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये माहिती असते, म्हणून वरचा ओरखडा तिला तितका बाधत नाही. स्टिकरने येणारे असंतुलन आणि वाक मात्र तिलाही चुकत नाहीत.

उपनगरातल्या एका स्कॅन सेंटरने स्टिकरवर रुग्णाचे वय चुकीचे छापले होते. मुलगा कोल्हापूरकडचा, वडिलांना घेऊन आलेला. वय केसपेपरशी जुळत नाही म्हणून ओपीडीत अडवतील या भीतीने त्याने स्टिकर सोलून काढला. स्टिकरबरोबर चांदी निघाली. माझ्याकडे ती सीडी आली तेव्हा वरून खाली आरपार दिसत होते. पंख्याखाली धरून तो मला विचारत होता, "यातले थोडे तरी निघेल का?" त्यातले काहीच निघणार नव्हते. सेंटरकडे मूळ प्रतिमा होत्या, त्यांनी दुसरी सीडी करून दिली. पण त्यासाठी तो लोकलने परत गेला, ओपीडीचा दिवस बुडाला आणि पुढची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. ज्यांच्या पोटातले दुखणे वाढते आहे त्यांच्यासाठी आठवडा फार मोठा असतो.

आता उपायाकडे येते. तो महागही नाही आणि नवाही नाही. बाजारात पांढऱ्या तोंडाच्या 'प्रिंटेबल' सीडी-डीव्हीडी मिळतात. त्यांच्या वरच्या बाजूला शाई शोषणारा सच्छिद्र लेप असतो. साध्या चकतीवर इंकजेटची शाई थेंबाथेंबाने उभी राहते आणि बोटाने पुसली जाते. या लेपात ती मुरते. लॅमिंग्टन रोडला पन्नासच्या डब्यात साध्या चकत्यांच्या शेजारीच या मिळतात आणि भाव थोडाच जास्त असतो. सीडी बनवणारी आपल्याकडची मोझर बेअर कंपनी २०१८ साली लिक्विडेशनमध्ये गेल्यापासून बाजारात निवड कमी झाली आहे हे खरे. पण मागितल्या तर अजून मिळतात. घेताना छापायचे क्षेत्र बघून घ्यावे. काहींवर मधल्या भोकाजवळ, सुमारे २२ मिलिमीटर व्यासापासून पांढरे असते, तर काहींवर मधे मोठी पारदर्शक कडी सोडलेली असते. सेटिंगमध्ये आतला आणि बाहेरचा व्यास त्याप्रमाणे भरला नाही, तर शाई कडीवर जाते आणि ती कधीच सुकत नाही.

प्रिंटरही खास वेगळा लागत नाही. एप्सनचे एल ८०५, एल ८०५० यांसारखे टँकवाले फोटो प्रिंटर चकतीचा ट्रे घेऊनच येतात. माझ्याकडे त्यातलाच एक आहे. पीव्हीसी ओळखपत्रे छापायला घेतला होता, आता सीडीसाठीही चालतो. ट्रेमध्ये चकती पांढरी बाजू वर करून बसवायची, खुणेपर्यंत सरकवायची आणि छापायचे. पहिल्यांदा टाकाऊ चकतीवर छापून बघावे. मजकूर मिलिमीटरभर सरकलेला दिसतो, तो सेटिंगमध्ये एकदा जुळवला की झाले. ट्रे आत असताना प्रिंटर चालू-बंद करू नये, एवढे पथ्य. चकती वाकत नाही, ओलावा खाऊन फुगत नाही, वजन एका बाजूला जात नाही, आणि पेनाचा दाब तर नाहीच. प्रिंटरचे डोके चकतीला शिवतसुद्धा नाही.

क्रम मात्र सांभाळावा लागतो. आधी स्कॅनचा डेटा चकतीवर लिहायचा, तो वाचून तपासायचा आणि मगच वर छापायचे. आधी छापून ठेवलेल्या चकतीवर बोटांचे ठसे, धूळ, कधी ओली शाई येते आणि लिहिताना एरर येतो. प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेतही हाच क्रम दिलेला असतो.

टिकाऊपणाचा प्रश्न इथे खरा महत्त्वाचा आहे, कारण नुसते 'प्रिंटेबल' म्हणजे पाण्याला दाद न देणारे नव्हे. या टँकवाल्या फोटो प्रिंटरांत बहुधा डाय शाई, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई असते. मॅट पांढऱ्या चकतीवर ती सुकल्यावरही ओले बोट लागले की पसरते. यावर तीन वाटा आहेत. पहिली, पाणी न धरणाऱ्या चकचकीत लेपाच्या चकत्या घ्याव्यात. जपानच्या ताइयो युडेन कंपनीच्या 'वॉटरशील्ड' चकत्या याच कारणासाठी नावाजलेल्या होत्या. त्या कंपनीने २०१५ मध्ये हा धंदा सोडला, पण तशा लेपाचा माल इतरांचाही येतो. डब्यावर पाणीरोधक असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावा. दुसरी वाट, पिगमेंट शाईवर चालणारे यंत्र. पिगमेंटचे कण पाण्यात विरघळत नाहीत आणि उजेडातही जास्त टिकतात. मात्र डायच्या प्रिंटरमध्ये बाहेरची पिगमेंट शाई ओतू नये. नोझल तुंबतात, हेड जाते. आमच्या धंद्यात या मोहापायी किती प्रिंटर भंगारात गेले ते मी पाहिले आहे. तिसरी वाट म्हणजे छापून पूर्ण सुकल्यावर चित्रकार वापरतात तो पारदर्शक फिक्सेटिव्ह दुरून, हलक्या हाताने एकदा-दोनदा मारायचा. खालची बाजू आणि मधली कडी झाकून, कारण स्प्रेतले सॉल्व्हंट पॉलिकार्बोनेटवर बसले तर धुरकट डाग उठतो. मी बहुतेक वेळा तिसरी वाट धरते. ज्या सेंटरला दिवसाला पुष्कळ सीडी द्यायच्या आहेत त्याने पहिली धरावी, स्प्रेचा व्याप त्यांना झेपणार नाही.

सुकण्याबद्दल सेंटरवाले लगेच विचारतात. पूर्ण सुकायला चोवीस तास द्यावेत असे म्हणतात, आणि मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते अगदी योग्य आहे. पण हे पूर्ण रंगीत चित्र छापले तर. पांढऱ्यावर काळी अक्षरे, चार-पाच ओळी, एवढेच छापले तर शाई इतकी कमी लागते की ती लवकर हाताला लागेनाशी होते. क्वालिटी 'हाय'ला ठेवू नये. चकत्या एकावर एक रचू नयेत, पंख्याखाली सुट्या मांडाव्यात. हेअर ड्रायर लावू नये, उष्णतेने चकती वाकते. शिवाय बऱ्याच ठिकाणी लेखी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. सीडीही त्याच्याबरोबर द्यावी, तोवर ती सुकलेली असते. आणि द्यावी ती कडक डबीत. मऊ प्लास्टिकच्या पाकिटाचा आतला पापुद्रा दमट हवेत छापील बाजूला चिकटतो.

काय छापावे तेही लिहिते, कारण लोगोला जागा देण्यात अक्षरे बारीक होतात. रुग्णाचे पूर्ण नाव, वय, नोंदणी क्रमांक, तपासणी कोणत्या भागाची, तारीख, एकापेक्षा जास्त चकत्या असतील तर दोनपैकी पहिली की दुसरी, आणि सेंटरचा फोन. नाव इंग्रजीत तर हवेच, कारण डायकॉममध्ये तसेच असते, पण खाली मराठीतही हवे. सीडी सांभाळणारी माणसे पुष्कळदा आई, बायको, बहीण असतात. "ही दिवाळीच्या आधीची, ही नंतरची" असे त्या हाताच्या खुणेने लक्षात ठेवतात. त्यांना तारीख स्वतः वाचता आली पाहिजे. युनिकोडमुळे देवनागरी छापायला आज काहीच अडत नाही. आजाराचे नाव मात्र छापू नये. बाकावर शेजारी बसलेल्याने ते वाचायचे कारण नाही.

मोठ्या सेंटरांना हे हाताने करण्याचीही गरज नाही. चकती उचलून तिच्यावर डेटा लिहिणारी आणि वर नाव छापून बाहेर टाकणारी स्वयंचलित यंत्रे आहेत. एप्सनचा डिस्कप्रोड्यूसर इंकजेटवरच चालतो, इतर काही यंत्रे थर्मल रिबनवर छापतात आणि त्या छपाईला तर पाण्याची भीतीच नसते. नाव यंत्र थेट स्कॅनच्या नोंदीतून घेते, त्यामुळे वय चुकण्याचा आणि पाटील एस.चा प्रश्न मिटतो. मुंबईतल्या काही मोठ्या रुग्णालयांच्या अशा छापील सीडी माझ्याकडे येतात. हातात घेताच काम सोपे होते.

"आता सीडी कोण वापरतो, आम्ही व्हॉट्सॲपवर लिंक पाठवतो," असे मला सांगितले जाते. लिंकला माझा विरोध नाही, जरूर पाठवा. पण लिंकची मुदत संपते, गावाकडे फोन बदलतो, सिम बंद पडते, आणि शेकडो प्रतिमांचा सीटी साध्या फोनवर उघडत नाही. सेंटरेही हे जाणतात, म्हणून तर लिंकबरोबर सीडी देतातच. देताच आहात तर ओळखू येईल अशी द्या.

हीच गोष्ट कोर्टाच्या कामालाही लागू आहे. भोईवाडा कोर्टातले वकील सीसीटीव्हीच्या चित्रणाची सीडी करायला येतात. तोंडी अजून "पासष्ट बी" हे जुन्या पुरावा कायद्याचे कलम असते, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलीत जरा बदल झाला तरी बदलणारी तिची ओळखखूण, द्यावे लागते. ते एसएचए-२५६ पद्धतीने काढले तर ६४ अक्षरे-आकडे होतात. ती मार्करने चकतीवर लिहिणे अशक्य, आणि स्टिकरवर छापली तर स्टिकर बदलता येतो. मी ती चकतीच्या कडेने गोल छापून देते, म्हणजे प्रमाणपत्रातली रांग आणि चकतीवरची रांग शेजारी धरून जुळवता येते. वकिलांनी हे आग्रहाने मागून घ्यावे.

तर रुग्णालयांच्या कामांची निविदा निघते तेव्हा तिच्यात एक ओळ घालावी: प्रत्येक तपासणीची चकती पाणीरोधक छपाईच्या पृष्ठभागाची असावी आणि तिच्यावर रुग्णाचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, तपासणी व तारीख मराठी आणि इंग्रजीत थेट छापलेली असावी, चिकट लेबल चालणार नाही. खासगी सेंटरांनी निविदेची वाट पाहण्याचे कारण नाही. एक प्रिंटर आणि पन्नासचा डबा एवढीच सुरुवात आहे. परळ-लालबागच्या ज्या सेंटरना ट्रे कसा बसवायचा, व्यास कसा जुळवायचा ते पाहायचे असेल, त्यांनी आपला मुलगा किंवा मुलगी दुपारी दोन ते चारमध्ये माझ्याकडे पाठवावी. त्या वेळी ओपीडीची गर्दी ओसरलेली असते, मी विनामूल्य शिकवीन.

आपली,
झेरॉक्स-डीटीपी दुकानचालक,
परळ, मुंबई